त्या आठवड्याचा जिना

इसा रॅनकिन आयुष्यात एकदाच खोटं बोलली आणि ते मी पकडलं. पोलिसात एकतीस वर्षं काढली, चोर पकडले, दरोडेखोर पकडले, बायकोला मारून रडायला बसलेले नवरे पकडले. पण निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्या नावावर जे मोठं काम वाचून दाखवलं ते हेच. पुढे काय झालं ते त्यांनी वाचलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बुटाच्या नाड्या बघत उभा राहिलो.

इसा ग्लासगोच्या पूर्व भागात, ब्रिजटनच्या हद्दीवर राहायची. हद्दीवर म्हणजे काय ते आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी कळतं. रस्त्याच्या एका बाजूला निळे प्रॉटेस्टंट, दुसऱ्या बाजूला हिरवे कॅथलिक. कुठल्या शाळेत होतास एवढं विचारलं की समोरचा प्रॉटेस्टंट की कॅथलिक ते समजतं, मग देव कुठला, फुटबॉलचा संघ कुठला आणि दारू कुठल्या गुत्त्यात प्यायची, हे वेगळं विचारावं लागत नाही. इसाचं घर ज्या इमारतीत होतं ती मात्र मधोमध पडली होती. काळवंडलेला दगड, तीन मजले, सहा बिऱ्हाडं. इसा दुसऱ्या मजल्यावर डावीकडे. समोरच्या दारात रोझलीन लॅफर्टी, कट्टर कॅथलिक विधवा, आणि तिचा एकुलता एक ब्रेंडन.

इसा उभीच्या उभी पाच फूट असेल नसेल. तीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत राबलेली. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय जडलेली, त्यामुळे तिची कुजबूजही खालच्या मजल्यावर ऐकू जायची. हात सोड्याच्या पाण्याने फाटलेले. नवरा टॅम ऑरेंज लॉजचा, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंटांच्या संघटनेचा, पक्का सभासद होता. तो गेल्यावरही त्याचा नारिंगी पट्टा तिने इस्त्री करून कपाटात ठेवला होता, आणि जुलैत लॉजची मिरवणूक निघाली की तो खांद्यावर टाकून ती फुटपाथवर उभी राहायची. त्याच सकाळी फडक्यात बांधून उकडलेला मनुकांचा केक रोझच्या दारात ठेवून जायची, कारण मिरवणुकीच्या दिवशी रोझ पडदे ओढून घरात बसे. रोझ म्हणायची, तुझ्या त्या ढोलांनी माझ्या भिंतीवरची पवित्र माता हलते. इसा म्हणायची, मग खिळा नीट ठोक. ब्रेंडन लहानपणी शाळेतून आला की आधी इसाकडे. पाव आणि जॅम खाऊन, तोंड न पुसताच आईकडे. तिला तो इसामावशी म्हणे.

आता जिन्याचं सांगायला हवं.

आमच्या इमारतींत जिना सगळ्यांचा, म्हणून तो आळीपाळीने धुवायचा. एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं, त्याला दोरी. 'या आठवड्यात जिना तुमचा' असं त्यावर लिहिलेलं. ज्या घराचा आठवडा संपला त्या घरची बाई शुक्रवारी संध्याकाळी ते कार्ड पुढच्या घराच्या दाराच्या मुठीला अडकवते. दार ठोठावायचं नाही, बोलायचं नाही. ज्याच्या मुठीला कार्ड, त्याने गुडघ्यांवर बसून वरपासून खालपर्यंत जिना घासायचा आणि पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या खडूची रेघ ओढायची. नवरा कामावरून काढला जाऊ दे, घरात मयत होऊ दे, कार्ड चुकत नाही. माझी आई न्यूमोनियातून उठली त्याच दिवशी तिने जिना धुतला होता. त्या इमारतीत कार्डाचा क्रम असा होता की तळमजल्याच्या मिसेस गेडिसनंतर रोझ, रोझनंतर इसा.

त्र्याहत्तर सालच्या जुलैतला पहिला शनिवार. मिरवणूक. दुपारी ब्रेंडनने रस्ता ओलांडला. एरवी यात काय आहे? पण चालत्या मिरवणुकीच्या रांगा तोडून आडवं जायचं नाही, हा आमच्याकडे देवाच्या आज्ञांच्या खालोखालचा नियम. ब्रेंडन एकोणीस वर्षांचा, बेकरीतल्या कामाला उशीर झालेला. तो शिट्टी वाजवत बासरीवाले आणि ढोलवाले यांच्यामधून आरपार गेला. त्या ढोलवाल्यांत इसाचा पुतण्या सॅमी होता, बावीस वर्षांचा. तो ढोलावरून ओरडला, "लॅफर्टी, संध्याकाळी बघतो तुला." हे दोनशे लोकांनी ऐकलं. दोघं लहानपणी त्याच जिन्यात चेंडू लाथाडत मोठे झाले होते आणि 'बघतो तुला' हे त्यांचं रोजचं होतं, एवढं त्या दोनशेंपैकी कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण मी विचारलंही नाही.

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ब्रेंडनला त्याच इमारतीच्या तळाशी, जिन्याकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडावर कुणीतरी भोसकलं. रुग्णवाहिकेने त्याला उचललं तेव्हा धुगधुगी होती, वाटेत तीही गेली. रोझ त्या वेळी चॅपेलमध्ये होती, शनिवारच्या संध्याकाळच्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला. मी तिथे पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. सगळं शहर मिरवणुकीच्या बंदोबस्तात अडकलेलं. बोळाच्या तोंडाशी एक कोवळा शिपाई इमानेइतबारे पहारा देत उभा होता आणि त्याच्या पाठीमागे इसा रॅनकिन गुडघ्यांवर बसून शेवटच्या तीन पायऱ्या घासत होती. वरचा सगळा जिना ओला आणि स्वच्छ. कडांना पांढऱ्या रेघासुद्धा ओढून झाल्या होत्या. मी शिपायाला विचारलं, तू काय बघत होतास? तो म्हणाला, "बाई शनिवारचा जिना धुतेय, सर. त्यात काय बघायचं?"

माझं नाव जेरार्ड टोलन. या नावाचा माणूस कुठल्या शाळेत गेला हे ग्लासगोत कुत्र्यालाही कळेल. आमच्या खोलीत अकरा डिटेक्टिव्ह आणि कॅथलिक मी एकटा. इन्स्पेक्टर मॅकक्रिंडल मला 'व्हॅटिकन' म्हणायचे. प्रेमाने म्हणतो असं सांगायचे, आणि बढतीच्या वेळी ते प्रेम कुठे जायचं देव जाणे. ही केस त्यांनी मला दिली, म्हणजे उद्या वर्तमानपत्रांनी बोंब मारायला नको. मी मनात म्हटलं, बरं आहे. एकदा तरी त्यांच्यातल्या एकाला मी कोर्टात उभं करतो की नाही बघा. हे मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही. आज लिहितोय, कारण होतं ते असं होतं.

मग मी एक चूक केली, जी पहिल्या महिन्यातला शिपाईसुद्धा करत नाही. साक्षीदाराचा जबाब एकट्यात घ्यायचा असतो. रोझ चॅपेलमधून आली होती, तिला सांगून झालं होतं आणि तिने स्वयंपाकघरात बसून इसाचा हात जो धरला तो सोडेना. पोराची आई, माझ्याच चॅपेलची बाई. हात सोड म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी इसाचा जबाब तिथेच घेतला, रोझच्या स्वयंपाकघरात, रोझच्या समोर.

इसा म्हणाली, सॅमी सहा वाजल्यापासून माझ्याकडे होता, खिमा आणि बटाटे खात. खालून ओरडणं ऐकू आलं म्हणून आम्ही धावलो. ब्रेंडन बोळाच्या तोंडाशीच पडला होता. सॅमी फोन करायला गेला.

"काही बोलला का तो?" रोझने मधेच विचारलं.

इसाने तिच्याकडे पाहिलं. "नाही गं. त्याला काही कळलंच नाही. झोपल्यासारखा होता."

मी विचारलं, मग जिना का धुतलात? इसा म्हणाली, "या आठवड्याचा जिना माझा आहे. कार्ड बघ ना, माझ्याच दाराला आहे." तिने आवाज चढवला नाही, आणि तिने आवाज चढवला नाही हेच मला खटकायला हवं होतं. मी जबाब लिहिला, तिने सही केली. रोझने अजून तिचा हात धरलेला होता.

बाहेर आलो. कार्ड खरंच इसाच्या दाराच्या मुठीला होतं. पण मी जिन्यातच वाढलेला माणूस. कार्डं वर्षानुवर्षं फिरून कळकट होतात, कोपरे झिजतात. हे कोरं होतं. बिस्किटांच्या खोक्याचा ताजा कापलेला पुठ्ठा, शाई बोटाला लागत होती. मी खाली जाऊन मिसेस गेडिसचं दार ठोठावलं. ती म्हणाली, मी काल संध्याकाळी स्वतःच्या हाताने रोझच्या मुठीला कार्ड अडकवलं, आणि ते जुनं कार्ड होतं, चहाचा डाग पडलेलं. मॅकक्रिंडल मोठ्या बागबगिच्यांच्या वस्तीत वाढलेले, त्यांच्या डोक्यात हे शंभर वर्षांत आलं नसतं. मला माझा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

गोष्ट माझ्या डोक्यात झटकन जुळली. सॅमीने ब्रेंडनला खाली भोसकलं, रक्ताने भरलेल्या बुटांनी तो काकूच्या घरी वर पळाला, काकूने पावलांचे ठसे धुऊन टाकले आणि कारण हवं म्हणून खोटं कार्ड लिहिलं. दुसऱ्या दिवशी सॅमी एका मित्राच्या माळ्यावर सापडला. बँडच्या पँटवर मांडीपासून खाली रक्त. त्याने सांगितलं की ब्रेंडन खाली नव्हताच, वर दुसऱ्या मजल्यावर पडला होता. काकूने हाक मारली म्हणून तो बाहेर आला, त्याला हातांवर उचलून खाली आणलं, फोन केला, आणि मग स्वतःच्या पँटकडे बघून लोक याचा काय अर्थ लावतील ते त्याला कळलं, म्हणून पळाला. काकू म्हणते खाली, पुतण्या म्हणतो वर. मॅकक्रिंडलनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बुधवारी इसा ठाण्यात आली. रविवारचा कोट आणि हॅट घालून. मला एकट्याला भेटायचं म्हणाली. मी पाय लांब करून बसलो होतो, ते मी आवरलेही नाहीत. तिने हॅट काढून मांडीवर ठेवली आणि बोलली. तिचं ते बोलणं मला अक्षरन् अक्षर आठवतं, कारण पुढे ते मी रात्रंदिवस ऐकलं.

"मी शनिवारी खोटं बोलले, पोरा. ते पुसून टाक आणि खरं लिहून घे. त्याला खाली मारलं, पण तो खाली पडला नाही. तो जिना चढला. कठड्याला धरून, पोटाला धरून, एकतीस पायऱ्या. आई, आई करत होता. मला वाटलं दारू पिऊन आलाय. दार उघडलं तर तो रोझच्या दाराशी. मूठ फिरवत होता आणि दार बंद. ती मिसाला गेलेली. माझ्या मांडीवर डोकं घेतलं मी त्याचं. मुठीवरचा हात सुटला तेव्हा कार्ड दोरीसकट तुटून त्याच्या हातात आलं होतं, ते मी सोडवून घेतलं."

मी विचारलं, ते कार्ड कुठाय?

"जाळलं. रक्ताने भिजलं होतं. ते रोझला कसं दाखवू?"

वा, मी म्हटलं. आणि जिना?

"अरे, त्या आठवड्याचा जिना रोझचा होता," इसा म्हणाली. "ती घरी आली असती, तर जिना तिने धुवायचा होता. पोटच्या पोराचं रक्त, गुडघ्यांवर बसून. धुतलाच असता तिने, तुला ठाऊक आहे, तूही जिन्यातलाच दिसतोस. म्हणून मी धुतला. आणि कार्ड कुठे गेलं असं तिने विचारू नये म्हणून दुसरं लिहून माझ्या दाराला लावलं. तू तिच्यासमोर विचारलंस रे. तिने माझा हात धरला होता. तिच्यासमोर कशी सांगू की तो तुझं दार ठोठावत होता आणि तू घरात नव्हतीस?"

आता कुणीही म्हणेल, हे ऐकून दगडालाही पाझर फुटावा. मला फुटला नाही. मी म्हटलं, "चार दिवस मिळाले तुम्हाला, मिसेस रॅनकिन. पुतण्याच्या जबाबाला बरोबर बसेल असं शिवलंय. छान शिवलंय." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग विचारलं, तू लिहून नाही का घेत? मी म्हटलं, नाही. मी वही उघडलीसुद्धा नव्हती. तिने हॅट डोक्यावर ठेवली, पिन खोचली आणि गेली. जाताना दार हळूच लावून घेतलं.

कोर्टात तिने तेच सगळं पुन्हा सांगितलं, आता रोझच्या समोर. सॅमीला वाचवायचं तर दुसरा रस्ता उरला नव्हता. सॅमी सहा वाजता कुठे होता हे सांगणारी ती एकटीच होती. तिच्या शब्दावर विश्वास बसला तर पोरगा सुटणार, नाही बसला तर जन्मठेप. सरकारी वकिलांनी पहिल्या जबाबावरची तिची सही दाखवली. मिसेस गेडिसला उभं केलं. ते बिस्किटांच्या खोक्याचं कार्ड, भोक पाडून कोर्टाची चिठ्ठी बांधलेलं, ज्युरीच्या हातांतून फिरवलं. म्हणजे या बाई सोयीप्रमाणे कार्डं लिहितात आणि सोयीप्रमाणे जाळतात, असं ते म्हणाले, आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही, यावरूनच काय ते समजा.

इसाने मुठीतल्या कार्डाचं सांगितलं तेव्हा रोझ उठून बाहेर गेली. नंतर बाहेरच्या व्हरांड्यात दोघी समोरासमोर आल्या. मी चार पावलांवर होतो.

"मेलेल्या पोराच्या मुठीत कार्ड कोंबलंस, इसा," रोझ म्हणाली. "तो मला हाका मारत होता म्हणालीस. त्या दिवशी म्हणालीस, झोपल्यासारखा होता. तुझा एक वाचावा म्हणून माझ्या मेलेल्याला दारोदार फिरवलंस."

इसाने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मग तिने तो कोटाच्या खिशात घातला.

सॅमीला जन्मठेप झाली. मी सार्जंट झालो. चॅपेलमध्ये लोक माझा हात हातात घ्यायचे. मिसानंतर फादर हेगन म्हणाले, आपल्या माणसांसाठी कुणीतरी उभं राहिलं. मला गुदगुल्या झाल्या.

खटला संपल्यावर पुराव्याच्या वस्तू ज्याच्या त्याला परत द्यायच्या असतात. ते कार्ड मीच इसाला नेऊन दिलं. दुसरा कुणी पाठवता आला असता, पण मला बघायचं होतं ती काय करते. तिने चिठ्ठी सोडली, त्या भोकातून नवी दोरी ओवली आणि म्हणाली, "चांगला पुठ्ठा आहे. चालेल अजून." जिन्यात तेव्हापासून तेच कार्ड फिरायला लागलं.

त्यानंतर रोझ इसाशी एक शब्द बोलली नाही. दोन दारं, मधे चार फूट जागा. इसा गिरणीतून निवृत्त झाली. दर महिन्याला बस बदलून बदलून तुरुंगात सॅमीला भेटायला जायची, हातात घरी भाजलेल्या स्कोन-पावांचा डबा. तिचे गुडघे गेले. मिरवणुकीला जाणं तिने सोडून दिलं. पण केक मात्र दर जुलैत रोझच्या दारात ठेवत राहिली, आणि तो फडक्यासकट तसाच परत तिच्या दारात यायचा. मिसेस गेडिसनेच हे मला सांगितलं. दोघींमध्ये येणंजाणं उरलं होतं ते फक्त कार्डाचं. सहा आठवड्यांनी एकदा, शुक्रवारी संध्याकाळी, रोझ आपला जिना धुऊन झाला की कार्ड काढून इसाच्या मुठीला अडकवायची. ठोठावायचं नाही, बोलायचं नाही. या नियमाचा त्यांना केवढा आधार झाला असेल.

मला इसा मधूनमधून दिसायची. एकदा बेकरीच्या रांगेत माझ्यापुढेच होती. वळून बघितलं आणि विचारलं, आईची छाती कशी आहे आता? न्यूमोनियाचं तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, बरी आहे. तिने आपले पाव घेतले आणि गेली. तिने मला शिवी दिली असती तर मी त्या रात्री झोपलो असतो.

चौऱ्याऐंशीच्या मार्च महिन्यात कोळशाच्या खाणींकडच्या एका गावातून फोन आला. तिथल्या इस्पितळात गिल्मर नावाचा माणूस फुप्फुसं सडून मरायला टेकला होता आणि त्याने आपल्या पाद्र्याला काही सांगितलं होतं. मी तोवर इन्स्पेक्टर झालो होतो. मीच गेलो. त्र्याहत्तरच्या मिरवणुकीत गिल्मर दुसऱ्या गावच्या बँडबरोबर आला होता. एका पोराने रांग तोडली, ते त्याच्या डोक्यात बसलं. दिवसभर प्याला, मग बेकरी सुटल्यावर पोराच्या मागे गेला. त्याला धड नाव माहीत नव्हतं. मी विचारलं, भोसकल्यावर तो तिथेच पडला?

गिल्मरने नाकावरची नळी बाजूला केली. "नाही. मला वाटलं अंगावर येईल. तर तो वळला, कठडा धरला आणि जिना चढायला लागला. वर जात होता आणि आईला हाका मारत होता. ते अजून ऐकू येतं मला."

या वेळी मी लिहून घेतलं. अक्षर इतकं वाईट आलं की नर्सने विचारलं, तुम्हाला पाणी देऊ का?

सॅमी आदल्या वर्षीच सुटला होता, दहा वर्षं भोगून. पुढे त्याची शिक्षा कागदावर रद्द झाली. मी माफी मागायला गेलो तर तो दारातच म्हणाला, "मला कशाला सांगताय? ज्या बाईला सांगायला हवं होतं तिला सांगा." तिला सांगणं आता शक्य नव्हतं, कारण मी इस्पितळातून आलो त्याच्या नऊ दिवस आधी इसा गेली होती. शनिवारी सकाळी, हृदय बंद पडून. गिल्मरला थोडं लवकर मरायची भीती वाटली असती, किंवा मला तेव्हा, बुधवारी, वही उघडायची बुद्धी झाली असती, तर. असे बरेच 'तर' मी जमवून ठेवले आहेत. त्यांचा काही उपयोग नाही.

उरली रोझ. इस्पितळातून आलो त्याच आठवड्यात मी जिना चढलो तेव्हा पायऱ्यांवर बुटांच्या चिखलाचे ठसे वाळलेले होते, कडांच्या रेघा पुसट झालेल्या. त्या इमारतीत असा जिना मी कधी पाहिला नव्हता. वर गेल्यावर कारण दिसलं. इसाच्या बंद दाराच्या मुठीला कार्ड लटकत होतं. रोझने ते शुक्रवारी अडकवलं होतं आणि शनिवारी इसा गेली. कार्ड तिच्या दाराशी थांबलं होतं. पुढे कुणी सरकवलं नव्हतं.

रोझने दार उघडलं. आत या म्हणाली नाही. माझा चेहरा बघून तिला वाटलं असावं काहीतरी, कारण ती चौकटीला टेकली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. खून कुणी केला ते सांगितलं. सॅमी निर्दोष आहे ते सांगितलं. ती ऐकत होती, पण तिला नाव नको होतं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "पडला कुठे तो?"

मी वही उघडून गिल्मरचे शब्द वाचले. कठडा धरला. वर जात होता. आईला हाका मारत होता.

रोझने दाराच्या मुठीकडे पाहिलं, स्वतःच्या, पितळी, रोज पुसून लखलखीत ठेवलेल्या. तिने तिच्यावर हात ठेवला.

"मग कार्डाचंही खरं होतं," ती म्हणाली. "त्याच्या हातात कार्ड आलं, म्हणजे तो इथवर पोचला होता. घरी पोचला होता माझा पोरगा."

मी हो म्हटलं.

"त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं."

मी हो म्हटलं.

"अकरा वर्षं ती या दाराआड होती. तो शेवटी काय म्हणाला, किती वेळ होता, घाबरला होता का, सगळं तिला ठाऊक होतं. दार ठोठावलं असतं तर तिने सांगितलं असतं. आता कुणाला विचारू?" मग माझ्याकडे बघून तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं ना तिने? कोर्टाच्या आधी आली होती म्हणे तुमच्याकडे. आणखी काय म्हणाली ती? तुम्ही लिहून ठेवलं असेल."

इसा त्या बुधवारी जे बोलली ते मला तोंडपाठ होतं, पण ते तेवढंच होतं. मी तिला मधेच तोडलं होतं. आणखी काय म्हणाली असती ते मी विचारलंच नव्हतं. मी रोझला म्हटलं, नाही, लिहून ठेवलं नाही.

तिने मान हलवली, जणू दुकानात एखादी वस्तू संपली आहे असं कुणी सांगावं. मग चार फूट ओलांडून ती समोर गेली. इसाच्या मुठीवरून कार्ड काढलं. बिस्किटांच्या खोक्याचं, कोपरे झिजलेलं, कोर्टाच्या भोकात दोरी ओवलेलं, इसाच्या वेड्यावाकड्या अक्षरातलं. ते तिने स्वतःच्या मुठीला अडकवलं. आत जाऊन बादली, ब्रश आणि खडू घेऊन आली आणि वरच्या पायरीवर गुडघे टेकले. सत्तरीला आलेली बाई. मी कोट काढत म्हटलं, द्या इकडे, मी करतो.

"तुम्ही बाजूला व्हा," रोझ म्हणाली. "त्या आठवड्याचा जिना माझा होता."

मी खालच्या पायरीवर उभा राहिलो. पाणी गढूळ झालं की तिने बादली पुढे सरकवायची आणि मी बदलून आणायची, एवढं तिने मला करू दिलं. एकतीस पायऱ्यांना सहा बादल्या लागल्या.